गोट्यांच्या पोटातलं पाणी

रावेरहून बऱ्हाणपूरला जाताना डाव्या हाताला सातपुडा सोबत चालतो. उजवीकडे, नजरेच्या पलीकडे, तापी. रस्ता दर थोड्या अंतरावर एखादा नाला ओलांडतो. पूल चांगले लांबरुंद, पण खाली डोकावलं तर पाण्याचा थेंब नाही, नुसते गोटे. नारळाएवढे, भोपळ्याएवढे, काही तर बसायला पाट म्हणून चालतील इतके. नवख्या माणसाला वाटावं, इथे कायमचाच दुष्काळ दिसतो. आणि त्याच कोरड्या नाल्याच्या दोन्ही काठांवर, वैशाखाच्या उन्हातसुद्धा, केळीची गर्द हिरवी बाग उभी असते.

ही बाग ज्या पाण्यावर जगते ते पाणी त्या गोट्यांखाली आहे. तिथे ते कसं पोहोचतं, कोण ते उचलतं आणि कोण ते भरतं, हे एकदा नीट पाहायला हवं. बऱ्हाणपूर हे शहर चारशे वर्षं याच एका व्यवहारावर उभं आहे.

सुरुवात वरून करू. सातपुड्याचा इकडचा भाग बहुतेक काळ्या पाषाणाचा. हा दगड पाण्याच्या बाबतीत मोठा कंजूष. त्याच्या अंगात पाणी शिरायला जागा फारशी नाही. जे काही शिरतं ते भेगांतून आणि वरच्या मुरमाच्या थरातून. त्यामुळे ‘डोंगर पाणी साठवतो’ असं आपण सहज म्हणतो ते इथे फारसं खरं नाही. डोंगर पाणी सोडतो. प्रश्न एवढाच की किती वेळ घेऊन सोडतो.

हा वेळ ठरवतं जंगल. साग, सालई, धावडा, अंजन, मोहा, तेंदू अशी इथली पानगळीची झाडं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची पानं झडतात आणि उतारावर पाचोळ्याची गोधडी पसरते. मृगाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर पडला तर तो हातोडीसारखा पडतो, माती उडवतो, बारीक कण मातीच्या छिद्रांत बसवतो आणि जमिनीला जणू पोतेरं फिरवल्यासारखी साय धरते. मग पुढचं पाणी आत न जाता वरून पळतं. पाचोळ्यावर पडलेला थेंब मात्र फुटतो, झिरपतो, मुळांच्या वाटेने भेगेपर्यंत जातो. अंजनाची मुळं तर खडकाच्या फटीत शिरण्यात पटाईत. जिथे माती वीतभरसुद्धा नाही अशा कड्यावर तो उभा असतो, आणि त्याचा पाला गुरंही खातात. अशा उतारावरचं पाणी तासाभरात नाल्यात येत नाही. काही दिवसांनी, काही आठवड्यांनी, गाळ मागे ठेवून, नितळ होऊन येतं. खालच्या सगळ्या कारभाराला हे नितळपण फार लागतं. ते का, ते पुढे.

आता पायथ्याशी येऊ. जिथे नाल्याने काठ कापला आहे तिथे पाच मिनिटं उभं राहावं. कापलेल्या भिंतीत जमिनीचं पोट उघडं पडलेलं दिसतं: हातभर माती, तिच्याखाली गोट्यांचा थर, मग जाड वाळू, पुन्हा गोटे, मध्येच पिवळट चिकणमातीची पट्टी. डोंगरातून वेगाने उतरणारा नाला सपाटीवर येताच दमतो. दमला की हातातलं ओझं टाकतो. आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग खडी, मग वाळू, आणि सगळ्यात बारीक गाळ पार तापीपर्यंत नेऊन सोडतो. म्हणून डोंगराला लागून धोंडे आणि नदीकडे भारी काळी जमीन, अशी ही उतरंड. हजारो वर्षं शेजारशेजारच्या नाल्यांनी टाकलेले हे पंखे एकमेकांना भिडून सातपुड्याच्या पायाशी लांबच लांब पट्टा झाला. भूजलवाले याला बझाडा म्हणतात, आणि हल्ली खानदेशातल्या पेपरांतही ‘बझाडा झोन’ हा शब्द सर्रास वाचायला मिळतो.

शिवाय तापीचं हे खोरं साधं नदीने कोरलेलं खोरं नाही. भूगर्भातल्या मोठ्या भेगांलगत इथली जमीन खचलेली आहे आणि त्या खळग्यात गाळ भरत गेलेला आहे. म्हणजे वर कंजूष दगडाचा उतार, खाली गोट्यांनी भरलेली प्रचंड खोल परात. डोंगर म्हणजे नरसाळं आणि ही परात म्हणजे टाकी. नाला गोट्यांत दिसेनासा होतो तेव्हा तो आटलेला नसतो. तो टाकीत उतरलेला असतो.

हे ज्याने चारशे वर्षांपूर्वी ओळखलं त्याचं काम आजही बऱ्हाणपुरात जाऊन पाहता येतं. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. खुनी भंडारा हेही नाव चालतं आणि तेच जास्त प्रसिद्ध झालं. नावामागच्या कथा ऐकाल तितक्या मिळतील, पण मला कुंडी हेच नाव बरं वाटतं, कारण त्यात यंत्राचं वर्णन आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्हाणपूर हे मोगलांचं दक्षिणेतलं मुख्य ठाणं होतं. उत्तरेला असीरगड, सातपुड्याच्या खिंडीवर बसलेला. १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला. त्यानंतर सुभेदार, फौजा, कारखाने, विणकर, हत्ती, घोडे सगळं इथे गोळा झालं. तापी शहराच्या पायाशीच आहे, पण शहर उंच काठावर. नदीचं पाणी वर चढवायचं म्हणजे बैल आणि मोट, पावसाळ्यात गढूळ, आणि वेढ्याच्या काळात नदीवर भरवसा कसा ठेवणार? सुभेदार होता अब्दुल रहीम खानखाना. ज्याचे दोहे हिंदी पट्ट्यात शाळेची पोरंही घडाघडा म्हणतात तोच हा रहीम. त्याच्या काळात, १६१५ मध्ये, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून सरकणारं पाणी हेरलं आणि ते वाटेतच अडवून शहराकडे वळवलं. असे एकूण आठ भंडारे झाले. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली काही नावं. सहा उरले, त्यांत कुंडी भंडारा सर्वांत जिवंत.

तो चालतो कसा? जमिनीला डोंगराकडून शहराकडे उतार आहे. त्या उताराच्या पोटातून एक बोगदा काढायचा, पण बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा बराच कमी ठेवायचा. डोंगराकडच्या टोकाला बोगदा भूजलाच्या पातळीखाली असतो, त्यामुळे गोट्या-मुरमातून पाणी आपोआप त्यात पाझरतं. पुढे सरकावं तशी जमीन झपझप खाली येते आणि बोगदा सावकाश. शेवटी पाणी जमिनीजवळ येऊन भेटतं. ना मोट, ना रहाट. उतार जास्त ठेवला तर पाणी धावून भिंती खाईल. कमी ठेवला तर गाळ बसेल. काही किलोमीटर अंतरात हा हिशेब जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात, अचूक राखणं ही खरी कारागिरी.

आणि या बोगद्यावर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी, त्याच कुंड्या. खणताना माती-दगड वर काढायला, माणसांना हवा मिळायला, नंतर साफसफाईला उतरायला. कुंडी भंडाऱ्यावर अशा शंभराहून अधिक कुंड्या आणि बोगद्याची लांबी चार किलोमीटरच्या आसपास. कुंड्यांची तोंडं जमिनीवर बांधून उंच केलेली, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी वरून आत शिरू नये. शेतामधून ही तोंडं एका रांगेत जाताना दिसतात तेव्हा खालचा बोगदा कुठून चाललाय ते वरूनच वाचता येतं. पाणी जाळी करंज नावाच्या हौदात येई आणि तिथून नळांवाटे शहरभर वाटलं जाई.

पाहणाऱ्यांसाठी एका कुंडीवर पाळणा बसवला. तो ऐंशीएक फूट खाली नेतो. वर चाळिशी पार केलेलं ऊन, आणि खाली पाय टेकतात ते थेट गार, स्वच्छ, वाहत्या पाण्यात. डोळे सरावले की भिंती दिसतात: पांढुरक्या, गुळगुळीत, मेणबत्ती ओघळावी तशा. हे चुन्याचे थर. पाणी मातीतून येताना चुना विरघळवून आणतं आणि बोगद्यातली हवा लागली की तो भिंतीवर सोडतं. आपल्या बंबात क्षार बसतो तसंच. चारशे वर्षांत या थरांनी बोगदा जागोजागी अरुंद केला आहे. भिंतींतून मात्र अजूनही थेंब गळत असतात.

हे तंत्र मुळात इराणचं. तिथे अशा बोगद्यांना कनात म्हणतात; त्यांना २०१६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बऱ्हाणपूरचा भंडारा मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) नहर-ए-अंबरी याच जातीची. गंमत अशी की तीही त्याच काळातली आणि ती खणवणारा मलिक अंबर हा खानखानाचा कट्टर शत्रू. रणांगणावर एकमेकांना पाण्यात पाहणारे दोघे, आणि जमिनीखाली दोघांची अक्कल एकाच वाटेने चाललेली.

आता या यंत्रातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. पाण्याने भरलेल्या माठाला मध्यावर भोक पाडलं तर भोकाच्या वरचं पाणी येईल, खालचं माठातच राहील. भंडारा हे असं भोक आहे. गोट्यांच्या टाकीत बोगद्याच्या वर जेवढं पाणी चढेल तेवढंच तो घेतो. पाऊस कमी झाला की धार बारीक होते, चांगला झाला की जाड. मनात आणलं तरी त्याला टाकी उपसता येत नाही. बोअर म्हणजे माठात तळापर्यंत घातलेली नळी. ओढणाऱ्याच्या छातीत दम असेल तोवर पाणी येत राहतं.

आणि इथे केळी येते. खानदेश आणि बऱ्हाणपूर हा केळीचा सलग पट्टा. मध्ये राज्याची हद्द आहे हे फक्त परिवहनच्या बसवरून कळतं. रावेर-यावलचा शेतकरी सकाळी बऱ्हाणपूरचा भाव काय फुटला ते आधी विचारतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बऱ्हाणपूरची ‘एक जिल्हा एक उत्पादन’मधली वस्तूही केळीच. मृगबाग जून-जुलैत लावायची, कांदेबाग पावसाळा सरताना. पूर्वी बसराईचे कंद लावले की दीड वर्षाचा संसार; आता टिश्यूची ग्रँड नैन अकरा-बारा महिन्यांत घड देते.

केळीचं मूळ उथळ. झाड दिसायला दांडगं, पण लाकूड त्यात नाहीच, खोड म्हणजे पानांच्या बुडांची गुंडाळी आणि तिच्यात बहुतेक पाणी. वरच्या हात-दीड हात मातीत ओल हवी, पण मुळाशी पाणी तुंबलं तर ते कुजतं. बझाड्याची जमीन हे दोन्ही सांभाळते: वर कसदार माती, खाली निचरा करणारे गोटे. म्हणून ही बाग इथेच फुलली.

पण हिशेब पाहा. केळीला वर्षभरात साधारण १८०० ते २००० मिलिमीटर पाणी लागतं. इथला पाऊस आठशे मिलिमीटरच्या घरात, तोही चार महिन्यांत. उरलेलं हजारावर मिलिमीटर जमिनीतून काढायचं. एका एकरावर हजार मिलिमीटर म्हणजे चाळीस लाख लिटर. दुसऱ्या बाजूने मोजा: सहा बाय पाच फुटांवर लागवड म्हणजे एकरी साडेचौदाशे झाडं, उन्हाळ्यात ठिबकवरसुद्धा झाडाला रोज वीसेक लिटर. एका एकराचे रोजचे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. शेतकऱ्याला हे ठाऊक नाही असं नाही. ठिबक त्याने कधीच आणलं, उन्हाळी झळांना अडवायला बागेभोवती शेवरी आणि गजराज गवत लावलं, आता जाळ्या लावतो. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर पुढच्या वर्षी आणखी दोन एकर केळी लागते. घराघरांत झालेला हा हिशेब आहे. कुणा एकाला दोष देऊन भागत नाही. बोअरची खोली मात्र दर पिढीला नव्हे, दर पाच-सात वर्षांनी बदलते.

टाकी उपसण्याचा वेग वाढला त्याच काळात ती भरण्याचा वेग घटला. त्यासाठी पुन्हा वर जायला हवं, नेपानगर आणि खकनारच्या डोंगरांत. वर्तमानपत्राचा कागद देशात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जिथे बनला ते नेपानगर हेच. पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला. कच्चा माल सालई आणि बांबू. आपल्या आजोबांनी वाचलेल्या कित्येक पेपरांचा कागद या उतारांवरून उतरला असेल. अलीकडे, २०२२-२३ च्या सुमाराला, नेपानगरच्या वनांत मोठी तोड झाली आणि ते प्रकरण देशभर गाजलं. त्यात एक फरक करायला हवा, जो बातम्यांत नेहमी होत नाही: वनहक्क कायदा २००६ चा, तो १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासीला हक्क देतो. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आदिवासी वेगळा आणि नवं शिवार काढायला रातोरात कुऱ्हाड चालवणारा वेगळा. नव्या तोडीविरुद्ध ओरड करणाऱ्यांत आदिवासीही होते.

या डोंगरांत कोरकू आहेत, बारेला आणि भिलाला आहेत. कोरकूंची भाषा तर मुंडा कुळातली; संथाळी तिची दूरची बहीण. त्यांच्या उतारावरच्या शेताकडे सपाटीवरचा बागायतदार जरा दयेने पाहतो. मला ते शेत नीट बांधलेल्या शिदोरीसारखं वाटतं. एकाच तुकड्यात मका, ज्वारी, तूर, उडीद, चवळी. कुठे कडेला कोदो-कुटकी. चवळी आणि उडीद जमीन झाकतात, थेंबाचा मार अंगावर घेतात. ज्वारी उभी वाढते. तुरीचं सोटमूळ खोल जातं आणि पाऊस गेल्यावरही ओल शोधतं. एकाचा पाऊस चुकला तर दुसऱ्याचा लागतो. कापणीही एकदम नाही: भाद्रपदात उडीद, मग मका, दिवाळीनंतर ज्वारी, पौषात तूर, आणि फाल्गुन-चैत्रात शेतात काही नसताना मोहाची फुलं. घरातलं मडकं कधी पूर्ण रिकामं पडू नये अशी ही आखणी. खाली केळीवाल्याच्या घरात पैसा जास्त येतो, पण वाऱ्याच्या एका तडाख्यात घडासकट बाग आडवी झाली तर वर्षाचं सगळं एका दुपारी जातं, आणि केळी कोठीत ठेवता येत नाही.

या दोन शेतींचा मेळ आपल्या ताटात असतो. खानदेशात आणि बऱ्हाणपूरच्या मराठी घरांत कळण्याची भाकरी होते: ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ, सोबत वांग्याचं भरीत. शेतात जी जोडी शेजारी उभी राहते तीच तव्यावर एकत्र येते. आता वरही सोयाबीन, कापूस, संकरित मका शिरला आहे; उडीद-कुटकी मागे सरकली, धान्य रेशनवरून येतं, आणि पौष-माघात वरची माणसं घड उतरवायला, कापूस वेचायला खाली येतात. उतार एकाच पिकाचा झाला की जमीन उघडी पडते. उघड्या जमिनीवरून पाणी गढूळ येतं. आणि गढूळ पाण्याचं काय होतं, ते सांगायचं राहिलं होतं: त्यातला बारीक गाळ गोट्यांमधल्या फटींत बसतो. दोन-चार पावसाळ्यांत नाल्याचा तळ लिंपल्यासारखा होतो. मग पूर मोठा येतो, दिसतो जोरदार, आणि टाकीला न भेटता थेट तापीला जातो. खाली हतनूर धरणात दरवर्षी गाळ बसतो, त्यात याही गाळाचा वाटा असतो.

जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. २५४ गावं, लाखावर घरं, प्रत्येक घरात नळ, आणि तसा ग्रामसभांचा ठराव. हे छोटं काम नाही. डोक्यावरचा हंडा उतरला. पण नळाला पाणी या गोट्यांच्या टाकीतूनच येणार. ती भरायला १० मे २०२५ ला भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला: ३१.१३ टीएमसी पाणी, त्यातलं ११.७६ मध्य प्रदेशाला, १९.३६ महाराष्ट्राला. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायाशी फिरवायचं आणि गोट्यांत सोडायचं, अशी त्यातली मुख्य कल्पना. कल्पना या मातीला ओळखून केलेली आहे. तबकुतुल अर्जने ऐकली असती तर मान डोलावली असती. पण त्याने दोन गोष्टी लगेच विचारल्या असत्या. पुराचं पाणी गाळ खाली बसवून मग सोडणार ना? आणि भरलेल्या टाकीत नळ्या किती घालणार?

पावसाळ्यात जमलं तर तिकडे जा. एखाद्या नाल्याला पाणी आल्यावर त्याच्या काठाने डोंगराकडून खाली चालत या. वर धबधबा, मग खळाळ, मग गोट्यांमधून धार, मग डबकी. एका ठिकाणी पाणी संपतं. पुढे ओले गोटे, त्याच्यापुढे कोरडे. ती जागा लक्षात ठेवा आणि आठवड्याने, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. पाऊस सतत चालू असेल तर ती हळूहळू खाली सरकते. पाणी नितळ असेल तर अगदी सावकाश.